पिसा राहिलं, त्याची गोष्ट

इटलीहून येऊन आठवडाही झाला नव्हता. कॉलेज रोडच्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी लिफ्टमध्ये गाठलंच. ‘‘काय गं, पिसाच्या मनोऱ्याला हात टेकवलेला फोटो नाही दाखवलास?’’

‘‘काकू, पिसाला गेलोच नाही आम्ही.’’

काकूंचा चेहरा असा झाला, जणू पंढरपूरला जाऊन विठोबा न बघता परत आलो!

खरं सांगू? पिसा माझ्या यादीत होतं. यादी कसली, एक्सेल शीटच होती. फ्रीलान्सिंग करणाऱ्या माणसाला पगारी रजा नसते. त्यामुळे दहा दिवस सुट्टी म्हणजे दहा दिवस कमाई बंद. मग त्या दहा दिवसांतून पुरेपूर वसुली नको का? रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. प्रत्येक म्युझियमची वेळ, प्रत्येक ट्रेन, अगदी जेवायची जागासुद्धा आधीच ठरलेली. सोबत आई. तीस वर्षं शाळेत शिकवून नुकतीच रिटायर झालेली. ट्रिपचे अर्धे पैसे तिच्या फंडातले. आणि शीटमध्ये तिच्या आवडीचा रकाना? तो नव्हता. खरं तर तो करायचं मला सुचलंच नव्हतं.

रोममध्ये सगळं शीटबरहुकूम पार पडलं. कलोसियम, व्हॅटिकन, त्रेवीचं कारंजं. आई मात्र भलत्याच ठिकाणी रेंगाळायची. तिथे रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, त्यांतून पिण्याचं पाणी सतत वाहत असतं. दर नळाशी थांबून ती बाटली भरून घ्यायची. ‘‘चोवीस तास पाणी! आणि तेही फुकट!’’ एका रात्री आम्ही काचो ए पेपे खाल्ला. पास्ता, चीज, मिरपूड आणि पास्ता शिजवलेलं पाणी, संपला पदार्थ. आई म्हणाली, ‘‘हे त्यांचं पिठलं दिसतंय. घरात काही नसताना होणारं, आणि गरमच खायचं.’’ मी हसले आणि घड्याळ बघितलं. उद्या सकाळची ट्रेन होती.

फ्लॉरेन्सच्या दुसऱ्या दिवशी ठिणगी पडली. सकाळी अकादेमिया गॅलरीत मायकेलँजेलोचा डेव्हिड पाहिला. सतरा फुटी संगमरवरी तरुण. 1501 ते 1504 अशी तीन वर्षं खपून मायकेलँजेलोनं तो घडवला, तेव्हा तो स्वतः जेमतेम माझ्या वयाचा होता. ज्या दगडातून घडवला, तो आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट सोडून दिलेला, कित्येक वर्षं तसाच पडून राहिलेला. आई पुतळ्याच्या उजव्या हाताकडे बघत बसली. ‘‘बघ, हात अंगाच्या मानानं मोठा आहे. शिरा बघ कशा फुगल्यात. घाबरलाय गं पोरगा. पण दाखवत नाहीये.’’

मी म्हटलं, ‘‘आई, चल. उफित्झी गॅलरीला दीड तास, मग दोनची पिसाची ट्रेन.’’

बाहेर पडून पियाझ्झा देला सिन्योरियापर्यंत आलो आणि ती एका दगडी कट्ट्यावर बसली. बसली ती बसलीच. आई चिडली की तिच्यातलं कोल्हापूर जागं होतं. ‘‘मी काय हितं हजेरी लावायला आलेय व्हय? तू मला फिरवतीयस, का उरकतीयस?’’

मी गप्प. उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मग जरा वेळानं ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘‘मला राजाराम महाराजांना बघायचंय.’’

आईचं माहेर कोल्हापूर. ती राजाराम कॉलेजची विद्यार्थिनी. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते महाराज फ्लॉरेन्सला वारले, हे तिला तिच्या वडिलांनी लहानपणी सांगितलेलं. तेव्हा तिला वाटायचं, फ्लॉरेन्स हे पन्हाळ्याच्या पलीकडचं एखादं गाव असणार! घरून निघण्यापूर्वी तिनं मला हे दोनदा सांगितलं होतं म्हणे. मी दोन्ही वेळा ‘हो हो, बघू’ म्हटलं होतं.

उफित्झीची तिकिटं गेली, पिसाची ट्रेनही. आम्ही कॅशिने बागेत गेलो. आर्नो नदीच्या काठानं तीन किलोमीटरहून लांब पसरलेली ही बाग. सायकलवाले, कुत्रे फिरवणारे आजोबा, झाडांखाली अभ्यास करणारी पोरं. आई रमतगमत चालत होती. मीही हळूहळू तिच्या चालीला आले. बागेच्या पार पश्चिम टोकाला, जिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो, तिथे एक छत्री दिसली. आपल्याकडे घाटावर असते तशीच. छत्रीखाली रंगवलेला अर्धपुतळा. पागोटं, दागिने आणि अगदी कोवळा चेहरा.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी डायरी लिहिली, ती पुढे 1872 मध्ये छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी गेले. वय वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती, आणि दहनाचा तिथे रिवाज नव्हता. तरी खास परवानगी मिळाली आणि या संगमावर हिंदू पद्धतीनं चिता रचली गेली. चार वर्षांनी, 1874 मध्ये हे स्मारक उभं राहिलं. त्याचा आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याच्या आराखड्यावर बांधला, तोच हा माणूस. शेजारी 1978 चा मोठा पूल आहे. त्याचं नाव ‘पोंते अल इंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल. फ्लॉरेन्सची माणसं रोज त्यावरून ऑफिसला जातात.

आईनं सँडल काढले, हात जोडले. मग ओढ्याकडे बघत म्हणाली, ‘‘आपल्या नासर्डीएवढाच आहे गं.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘रामकुंडावर माणसं कुठून कुठून अस्थी घेऊन येतात. आणि हे पोर घरापासून एवढं लांब. वीस वर्षांचं.’’

डेव्हिडचा हात बघताना जो आवाज होता, तोच आवाज. तीस वर्षं वर्गातली पोरं बघितलेल्या बाईचा. मी पहिल्यांदाच तिच्याकडे माझी आई म्हणून नाही, तर बरोबर फिरायला आलेलं माणूस म्हणून बघितलं. आम्ही तिथे दोन तास बसलो. बोललो किती? फारसं नाही.

रात्री एका छोट्या खानावळीत रिबोलिता मागवलं. शिळा पाव, पांढरे वाल आणि पालेभाजी घालून पुन्हा पुन्हा उकळलेलं दाट सूप. सोबतच्या पावात मीठच नाही! तोस्कानात पाव असाच करतात. आईनं वेटरकडे खुणेनं मीठ मागितलं आणि पावावर शिवरलं. वेटर हसला. ‘‘शिळ्या भाकरीचा काला आहे हा,’’ असं आईनं मराठीतच त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली.

हॉटेलवर आल्यावर मी व्हेनिसचं शीट डिलीट केलं. तिथे दोन दिवस आई म्हणेल त्या गल्लीत शिरलो. दोनदा हरवलो. आई कधी नव्हे इतकी खूश.

तर त्या दिवशी लिफ्टमध्ये काकू अजून हळहळत होत्या. ‘‘एवढ्या लांब जाऊन पिसा नाही म्हणजे...’’

तेवढ्यात आई भाजीची पिशवी घेऊन आत आली. म्हणाली, ‘‘अहो, वेळच नाही झाला. आमचं एक माणूस असतं तिकडे. त्याच्याकडे गेलो होतो.’’