हरणटोळासाठी पानं निवडताना

अनंत चतुर्दशी झाली की पुण्याच्या बोहरी आळीत आणि तुळशीबागेत सजावटीच्या वेलींचे भाव उतरतात. माझी वर्षाची खरेदी तेव्हा असते. मनीप्लांटच्या माळा, फर्नचे झुपके, बांबूची पानं, शेवाळी रंगाच्या चटया, सगळं मी हातात घेऊन पिळते, ताणते, वास घेते. “ताई, मखराला हवंय की हॉलला?” असं दुकानदार विचारतात. सापाच्या पेटीत लावायचंय म्हटलं की बहुतेक जण मनापासून रस घेतात आणि माळ्यावरची आणखी खोकी खाली काढतात.

सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या कक्षांची आतली मांडणी करणं हे माझं काम. उपचारासाठी आलेला साप, प्राणिसंग्रहालयातला सरडा, शाळेच्या मुलांना दाखवायला ठेवलेला परदेशी अजगर, प्रत्येकाची काच वेगळी आणि गरजही वेगळी. या कामात मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असतो तो खोट्या झाडांचा: कोणती घ्यायची, कुठे लावायची, आणि खरी का नाही लावायची?

उत्तराची सुरुवात मी नेहमी सह्याद्रीतून करते. पावसाळ्यात ताम्हिणीच्या किंवा भीमाशंकरच्या रानात हरणटोळ पाहिलेला माणूस जाणतो की तो ‘दिसला’ म्हणण्यापेक्षा ‘सापडला’ म्हणणं बरोबर. हिरवा, बोटाहून बारीक, फांदीच्या टोकाशी अंगाचा पुढचा भाग अधांतरी धरून तो तासन् तास थांबतो. वाऱ्याने पानं हलली की तोही हलतो. आडवी बाहुली असलेल्या त्याच्या डोळ्यांना समोरच्या सरड्याचं अंतर नेमकं कळतं. त्याचं सगळं जगणं पानाआड चालतं. पाऊस पडला की पानावरून आणि स्वतःच्या अंगावरून ओघळणारे थेंब तो पितो. या सापाला चार काचांमध्ये एका कोरड्या काठीवर ठेवलं, तर त्याचं घरच काढून घेतल्यासारखं होतं. म्हणून माझ्यासाठी कक्षातलं पान हा आधी आडोसा, मग पाणी, मग वाट. शोभा त्यानंतर आली तर आली.

बाहेरून बघणाऱ्याचा हिशेब मात्र उलटा असतो. पुण्यात काचेपलीकडचा साप बघण्याची सवय जुनी आहे. नीलिमकुमार खैरे १९८० च्या जानेवारीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना लोकांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं आणि पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांनी आपला पहिला नाग, पहिली घोणस तिथे पाहिली. त्या ओढीबद्दल मला आदरच आहे. पण त्याच ओढीतून “साप कुठंय? दिसत नाही की!” ही तक्रार येते, आणि मग सजावट करणारा सगळी हिरवाई मागच्या भिंतीला चिकटवतो आणि प्राण्याला समोर उघडा ठेवतो. चित्र छान येतं, पण प्राण्याला लपायला जागा उरत नाही.

मी नेमकं उलट करते. अर्धीअधिक पानं काचेच्या जवळ लावते, खालच्या पट्ट्यापासून वरच्या उंचीपर्यंत. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं उघडच आहे, बघणाऱ्या डोळ्यांपासून आड. दुसरं काचेचं आहे. सरपटणाऱ्या प्राण्याला काच ही अडथळा म्हणून कळत नाही. समोर मोकळं दिसतंय आणि तरी जाता येत नाही, म्हणून धामणीसारखा चळवळा साप काचेवर पुन्हा पुन्हा नाक घासत राहतो आणि तुंड सोलवटून घेतो. तशी जखम चिघळली तर तोंडापर्यंत जाते. काचेच्या खालच्या पट्ट्यात पानांची दाट रांग दिली की ती बाजू बंद आहे हे त्याला कळतं, आणि घासणं बऱ्याच अंशी थांबतं. एवढ्या साध्या बदलाने इतका फरक पडतो, तरी हा बदल क्वचितच केलेला दिसतो.

आता खरं की खोटं. ज्याला कायमचं राहायचं आहे आणि ज्याची तब्येत ठीक आहे, अशा प्राण्याच्या कक्षात मला जिवंत झाडं आवडतात. पण नव्याने आलेला, जखमी, किंवा विलगीकरणात ठेवलेला प्राणी असेल तर मी हटकून कृत्रिम पानं वापरते. खऱ्या झाडाच्या कुंडीतल्या मातीत गोचीड, माइट, बुरशी, जंतांची अंडी काहीही दडू शकतं आणि ते झाड निर्जंतुक करता येत नाही. बेडकांच्या बाबतीत हा मुद्दा जिवावरचा आहे. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या किंवा संपत आणल्या. १९९९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. २०१३ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेतले नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांमध्ये तिचा संसर्ग नोंदवला. ही बुरशी ओलीवर जगते, पूर्ण सुकवलं की मरते, आणि साठ अंशांच्या पाण्यात काही मिनिटंही टिकत नाही. प्लॅस्टिकचं पान तेवढ्या गरम पाण्यात बुडवता येतं, कडक सुकवता येतं. फर्नला हे जमणार नाही.

बाजारात खोटी पानं साधारण तीन प्रकारची मिळतात. ‘सिल्क’ म्हणून विकलं जातं ते बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं कापड असतं. ते मऊ आणि दिसायला देखणं असतं, पण पाणी धरून ठेवतं, पुण्याच्या पावसाळ्यात आठवड्याभरात काळं पडतं आणि कडा उसवली की धागे सुटतात. पालीच्या किंवा छोट्या सरड्याच्या बोटाला असा धागा गुंडाळला गेला तर रक्त थांबून बोट गळून पडतं. कोरड्या कक्षात, कडा वितळवून बंद केलेलं कापडी पान एक वेळ चालेल; बेडकाकडे अजिबात नाही. दुसरा प्रकार मऊ पीव्हीसीचा. त्याला मऊपणा देणारी रसायनं हळूहळू बाहेर झिरपतात, आणि स्वस्त मालात रंग व स्थिरकं म्हणून काय वापरलंय याचा भरवसा नसतो. बेडूक त्वचेतून पाणी पितो. पानावर जे आहे ते त्याच्या अंगात जाणार, म्हणून उग्र वास येणारं पान मी दुकानातच खाली ठेवते. तिसरा प्रकार पॉलिथिलीनचा, थोडा मेणचट स्पर्शाचा, आणि माझी बहुतेक निवड त्यातलीच असते.

ओळखायचं कसं? एक तुकडा पाण्यात टाका. पॉलिथिलीन पाण्याहून हलकं असल्याने तरंगतं, पीव्हीसी आणि पॉलिएस्टर बुडतात. मात्र तारेचा देठ काढून टाका, नाहीतर तारेच्या वजनाने सगळंच बुडेल. मग पांढऱ्या सुती फडक्याने पान जोरात घासायचं, आणि रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं. फडक्याला हिरवा डाग आला किंवा पाणी रंगलं तर तो माल मखरालाच ठीक. शेवटी प्रत्येक पान देठापासून ओढून बघायचं. सहज निसटलं तर ते एखाद्या दिवशी कुणाच्या तरी पोटात जाणार.

पोटात जाण्याचा धोका मी वाढवून सांगत नाही. बेडूक भक्ष्यावर तोंड उघडून झडप घालतो. पानावर बसलेल्या किड्याबरोबर सैल पानही तो गिळू शकतो. शाकाहारी प्राण्यांत हे आणखी सोपं: इग्वाना आणि कासव हिरवं दिसलं की चावून बघतात. प्लॅस्टिक पचत नाही, आतड्यात अडकतं, आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. म्हणून पानं खाणाऱ्या प्राण्याच्या तोंडाच्या टप्प्यात मी खोटं पान लावतच नाही. तिथे खरं जास्वंद, शेवगा, मोहरीची पानं द्यावीत. ती खाल्ली तर आनंदच.

गणपती-दिवाळीच्या मालात दोन गोष्टी मात्र कुठल्याच प्राण्याला चालत नाहीत. एक चकाकी, दुसरी पानावर डिंकाने चिकटवलेले खोटे दवबिंदू. थेंब पिणाऱ्या जनावराला तो खोटा थेंब खरा वाटतो. देठातली लोखंडी तारही दमट हवेत गंजून वर येते. ती मी उपसून टाकते आणि वेल सुती दोरीने खऱ्या फांदीला बांधते.

फांदी खरीच हवी. प्लॅस्टिकची वेल धामणीचं किंवा अजगराचं वजन पेलत नाही, आणि गुळगुळीत असल्याने कात टाकायला उपयोगाची नाही. पेरूची आणि जांभळाची फांदी पुण्यात सहज मिळते, टणक असते. ती धुऊन, कडक उन्हात वाळवून वापरावी. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी आहे.

खोट्या पानाला जे जमत नाही तेही माहीत असलं पाहिजे. जिवंत पान बाष्प सोडतं. त्यामुळे आजूबाजूची हवा दमट राहते आणि पान स्वतः गार राहतं. प्लॅस्टिकचं पान दिव्याखाली नुसतं तापतं. आपल्याला दोन्ही सारखीच हिरवी दिसतील; चापड्याला नाही. बांबूच्या बेटात राहणाऱ्या या हिरव्या विषारी सापाच्या डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये उष्णता टिपणारे खळगे असतात आणि तापमानातला अगदी बारीक फरकही त्यांना जाणवतो. तापलेल्या प्लॅस्टिकच्या गर्दीत त्याचं जग कसं दिसत असेल याचा विचार करून मी चापड्याच्या कक्षात उष्णतेचा दिवा एका टोकाला आणि पानांचा झुपका दुसऱ्या टोकाला ठेवते. तसंही पॉलिथिलीन एकशेपाच अंशांच्या पुढे वितळत असलं तरी मऊ खूप आधी पडतं, त्यामुळे दिवा आणि पान यांत हातभर अंतर हवंच.

दमटपणाची उणीव फवाऱ्याने भरून काढावी लागते, विशेषतः मार्च ते मे, जेव्हा पुण्याची हवा ओठ फुटतील इतकी कोरडी असते. शॅमेलिऑन साचलेल्या वाटीतलं पाणी सहसा पीत नाही. त्याला पानावर हलणारा, चमकणारा थेंब दिसावा लागतो. त्याच्यासाठी मी लहान, किंचित खोलगट पानं निवडते, त्यात थेंब थांबतो. फवाऱ्याला पाणी मात्र बघून घ्यावं. शहरातलं नळाचं पाणी क्लोरीन उडून जावं म्हणून रात्रभर उघडं ठेवावं. उपनगरांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर थोड्याच दिवसांत पानांवर क्षाराचे पांढरे ठिपके बसतात. ते पातळ व्हिनेगरने निघतात, नंतर भरपूर पाण्याने धुवावं लागतं.

धुण्याबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी ठासून सांगते: फिनेल नाही. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनेल हे समीकरण पक्कं आहे, पण त्यातली द्रव्यं साप, सरडे आणि बेडकांना घातक ठरू शकतात, आणि प्लॅस्टिकला त्याचा वास दिवसेंदिवस चिकटून राहतो. पातळ केलेला ब्लीच, दहा मिनिटं, मग वास पूर्ण जाईपर्यंत वाहतं पाणी आणि ऊन. बेडकाच्या कक्षातलं पान असेल तर मी साबणही वापरत नाही.

घरी प्राणी पाळणारी तरुण मंडळीही माझ्याकडे येतात. त्यांना पहिलं कायद्याचं सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचा साप, घोरपड, शॅमेलिऑन किंवा स्टार कासव घरात ठेवता येत नाही, मग कक्ष कितीही सुंदर सजवा. संरक्षित जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी जाती असतील तर त्यांची ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ती झालेली असेल तर बॉल पायथनसाठी मी पानांपेक्षा आधी अंग घट्ट बसेल अशी दोन लपणं मागते, एक उबदार बाजूला, एक गार बाजूला. तो जमिनीवरचा, बिळात राहणारा साप. छतापासून लोंबणाऱ्या वेलींचा त्याला काही उपयोग नाही. त्या वेली मालकाच्या फोटोसाठी असतात, हे मी स्पष्ट बोलते. लपणांच्या तोंडाशी पानांचा एक झुपका पुरतो.

पानाचं आयुष्यही मोजकं असतं. अतिनील दिव्याखाली पॉलिथिलीन हळूहळू ठिसूळ होतं. पान दुमडल्यावर पांढरी रेघ उमटली की ते बदलायची वेळ झाली, तुकडे पडायची वाट पाहायची नाही. दर वर्षी मी जुन्या माळा अशा दुमडून तपासते आणि निम्म्याच्या आसपास बाद करते.

राहिला बघायला आलेल्यांचा प्रश्न. दाट पानं लावल्यावर “दिसत नाही” ही तक्रार येणारच, आणि ती टाळण्यासाठी पानं विरळ करायला माझी तयारी नसते. त्याऐवजी काचेवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक छोटी पाटी लावायला सांगते: हरणटोळ आतच आहे, उजवीकडच्या वरच्या फांदीपासून शोधायला सुरुवात करा. पाटी लावली की लोक काचेवर टकटक करणं सोडून शोधायला लागतात, आणि बहुतेक वेळा पहिल्यांदा सापडतो तो सगळ्यांत लहान मुलाला. मग तो बाबांचा हात धरून बोटाने दाखवतो, आणि बाबा अजून शोधतच असतात.