डॅशबोर्डाचं न्हाणं

माणसाचं वय चेहऱ्यावर कळतं आणि मोटारीचं डॅशबोर्डावर. माणसाला निदान कलप लावून काही वर्षं चोरता येतात. मोटारीला बाहेरून कितीही रंग काढा, दार उघडून आत डोकावलं की सगळं बिंग फुटतं.

आमची पद्मिनी 1982 सालची. वडिलांनी नंबर लावला तेव्हा मी हाफ पँटीत होतो आणि गाडी दारात आली तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. त्या काळी गाडी विकत घेत नसत, ती प्रसन्न होत असे! आता कुर्ल्याचा तो कारखाना पद्मिनी काढायचा थांबला त्यालाही वीस-पंचवीस वर्षं झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांतूनही 2023 साली ती निवृत्त झाली. आमच्या घरी मात्र ती अजून नोकरीत आहे. तिच्या डॅशबोर्डाला उन्हानं अशा भेगा पडल्या होत्या, की सोलापूरकडची एखादी दुष्काळी जमीन बसवलीय असं वाटावं.

"नवं रेक्झिन चढवून घ्या," ही म्हणाली. "माणसं विचारतात, गाडीत पापड वाळत घातलेत का म्हणून."

कुशनवाल्याकडे गेलो. चाचांनी डॅशबोर्डावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"साब, इसको खोबरेल लगाते हो?"

मी अभिमानानं 'हो' म्हटलं. गेली कित्येक वर्षं दर रविवारी मी डॅशबोर्डाला चमक यावी म्हणून बोटभर खोबरेल चोळत आलोय. चाचांनी कपाळाला हात लावला. तेलावर सोल्यूशन धरत नाही. आज रेक्झिन चिकटवलं तर पुढच्या उन्हाळ्यात ते पुरीसारखं टम्म फुगणार. "पहले इसको नहलाके लाओ," असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. पोरीला सासरी पाठवायच्या आधी माहेरच्यांनी न्हाऊ घालावं, तसं.

शेजारी निवृत्त इंजिनियर राहतात. निवृत्त इंजिनियर शेजारी असला की माणसाला एकट्यानं चूक करता येत नाही. ते म्हणाले, "त्या प्लॅस्टिकमध्ये मऊपणासाठी एक तेलकट द्रव्य घातलेलं असतं. उन्हानं ते हळूहळू उडून जातं. काचेला आतून जो चिकट धूर धरतो ना, तो तोच. तुमचा डॅशबोर्ड कैक वर्षं काचेवर जाऊन बसतोय!" म्हणजे मी इतकी वर्षं काच पुसत होतो ती डॅशबोर्ड पुसत होतो, आणि डॅशबोर्डाला लावलेलं खोबरेल फुकटच गेलं होतं.

पहिली अडचण गणपतीची. आईनं 1982 सालीच तो असा काही चिकटवला होता, की पुढे तीन इंजिनकामं झाली पण मूर्ती ढळली नाही. शेवटी हिचा केस वाळवायचा ड्रायर लावला, खालून शिवणकामाचा दोरा करवतीसारखा ओढला आणि 'पुनरागमनाय च' म्हणत देवाला हलवलं. खाली हळदीकुंकवाचे थर निघाले. एकेका दसऱ्याचा एकेक थर. उत्खननच म्हणाना!

मग जुन्या टूथब्रशनं काचेखालची फट साफ केली. तिथून एक आकडा, पाच पैशांचं नाणं आणि पेट्रोलची एक पावती निघाली. पावतीवरचा दर वाचून मी थोडा वेळ खाली बसलो. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण दोन थेंब आणि फडकं घट्ट पिळून घेतलेलं, कारण पाठीमागे वायरी. पहिलं पाणी कॉफीसारखं निघालं, दुसरं चहासारखं. चौथ्या पाण्यानंतर स्पिरिटचा बोळा, तोही आधी कोपऱ्यात लावून पाहिलेला. तेल गेलं. मग भेगांच्या वळलेल्या कडा ब्लेडनं कापल्या, कारण उंचवटा राहिला तर तो रेक्झिनखालून डोकावतोच. भेगांत पुट्टी भरली, रात्रभर वाळवली, सकाळी पॉलिश पेपर घेतला आणि घासत घासत डाव्या बाजूला आलो.

तिथे चार खुणा होत्या. अर्धचंद्राकृती. ओळीनं.

त्या आईच्या नखांच्या. वडील गाडी चालवत आणि शेजारी बसून आई ब्रेक लावी. हातांनी! खंबाटकीच्या घाटात समोरून ट्रक आला, की तिची चार बोटं डॅशबोर्डात रुतत. "अहो, सावकाश," एवढंच ती म्हणे. वडील म्हणत, "सावकाशच आहे." खरं तर ते दोघांचं देवदर्शनाला जातानाचं सगळं संभाषण एवढंच असे.

पॉलिश पेपर हातात तसाच राहिला.

"काय झालं?" हिनं विचारलं. मी बोट दाखवलं. ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "तेवढं भरू नका."

चाचांना पटेना. फोम घातला तर खड्डे दिसणार नाहीत, न घातला तर खालचं सगळं दिसेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, फोम नको. पातळ रेक्झिन घ्या. "आपकी मर्जी," म्हणून त्यांनी दोन्हीकडे सोल्यूशन लावलं आणि बिडी ओढायला गेले. बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं. एकदा चिकटलं की हलवायचं नाही. लग्नासारखं, असंही ते म्हणाले. त्या चार खुणांवर मात्र त्यांनी न सांगता अंगठ्यानं रेक्झिन नीट दाबून बसवलं.

गेल्या महिन्यात वाईला गेलो. खंबाटकीत आता बोगद्यातूनही वाट आहे, पण आम्ही घाटानंच गेलो. वळणावर समोर ट्रक डुलत डुलत चढत होता. मी बाजू काढायला गेलो आणि हिचा हात डॅशबोर्डावर गेला. बरोब्बर त्या चार खड्ड्यांत.

"अहो, सावकाश."

"सावकाशच आहे," मी म्हणालो आणि निमूटपणे ट्रकच्या मागे राहिलो.