पत्रादेवीपर्यंत अर्धं

पदरचे पैसे मोजून लोक उन्हासाठी विमानात बसतात, असं पेठ वडगावच्या बाजारात कुणी सांगितलं तर सांगणाऱ्यालाच ऊन लागलंय म्हणतील. आमच्याकडं ऊन फुकट, आणि तेही नको इतकं. जनावरांच्या बाजारात दावं धरून उभा असलेला माणूस असो की उसाला पाणी पाजणारा, जो तो सावली हुडकत असतो. पण लंडन-बर्लिनला शिकणारी पोरं हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारलं की कंटाळतात. मग स्वस्तातलं विमान, पाठीवर एकच पिशवी (दुसरीला पैसे पडतात) आणि बार्सिलोना नाहीतर मार्सेलिसला जाऊन दोन दिवस ऊन खात बसायचं.

मार्सेलिस आम्हाला ठाऊक होतं ते सावरकरांच्या उडीमुळं. 8 जुलै 1910, मोरिया बोट, खिडकीतून समुद्रात. तिथं लख्ख ऊन पडत असेल, लोक रस्त्याकडेला कॉफी पीत बसत असतील, हे शाळेत कधी डोक्यातच आलं नाही.

आमच्या ऐपतीतलं मार्सेलिस म्हणजे पणजी. तसा पणजीवर राज्य केलेला पोर्तुगाल अटलांटिकच्या काठावरचा, भूमध्य समुद्राशी त्याचा थेट संबंध नाही. पण रंगवलेल्या भिंती, कौलं, लोखंडी कठड्याचे सज्जे असलेलं दक्षिण युरोपचं उन्हातलं घर कसं असतं, ते इथं बघायला मिळतं. आणि वडगावहून जायला पासपोर्ट लागत नाही.

आम्ही चौघींनी कॉन्ट्री काढली. राहायची सोय म्हापशाला मैत्रिणीच्या मावशीकडं. मराठी विद्यार्थ्याच्या स्वस्त प्रवासाचं सगळं गणित शेवटी कुणाच्या तरी मावशीपाशी येऊन सुटतं. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, खर्डा, दशम्या आणि आईनं जाता जाता कोंबलेला भडंगाचा पुडा.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या एका निर्णयानं आमच्यासारख्या किती मुलींनी समुद्र बघितला असेल, हे कुणीतरी मोजायला पाहिजे. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत गाडी कणकवलीकडं उतरते. कंडक्टरनं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, “पोरींनो, पत्रादेवीपर्यंत अर्धं, पुढं गोव्यात फुल्ल.” बांदा सोडल्यावर पत्रादेवी येतं. इथं हुतात्म्यांचं स्मारक आहे. 15 ऑगस्ट 1955 ला गोवामुक्तीसाठी हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या. पंजाबातून आलेले कर्नेलसिंग बेनिपाल त्यात गेले. आम्ही त्याच हद्दीवर वाढीव तिकिटाबद्दल कुरकुरत होतो. स्मारक खिडकीतून मागं पडल्यावर कुरकुर आपोआप थांबली.

सकाळी मावशीच्या दारात पोदेर, म्हणजे पाववाला, आला, सायकलचा भोंगा वाजवत. कोंड्यात घोळलेली पोई हातात घेतली की आधी वाफ येते, मग आतला पोकळपणा कळतो. एकीनं ती फोडून आत चटणी भरली. वडगावची चटणी आणि गोव्याची पोई इतकी जमली, की खर्ड्याची पाळी येईपर्यंत पोई संपली होती. “थांबा, मी अजून घेऊन येतो,” म्हणत तीच सायकलीमागं पळाली.

पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत आम्ही आठच्या आत पोचलो. घरांचे रंग म्हणजे हळदीसारखा पिवळा, निळीसारखा निळा, काव फासल्यासारखा तांबडा. पोर्तुगीज अमलात पावसाळा सरला की घर रंगवायची सक्ती होती आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, असं सांगतात. एका जुन्या खिडकीला काचेऐवजी शिंपले होते. लाकडी पट्ट्यांत बसवलेले, तळहाताहून लहान, पातळ चौकोन. कडा जरा खरबरीत आणि मध्ये दुधी झाक. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत त्यातलं सोसवेल तेवढंच. ऊन हाकलायचं नाही, गाळून घ्यायचं, ही अक्कल आमच्या सिमेंटच्या स्लॅबला कुठली?

शेजारच्याच भिंतीवर पाटी होती, फोटो काढू नका म्हणून. बरोबरच आहे. आमच्या दारात कुणी रोज उठून टोपी उडवत रील काढायला लागलं तर आजी बादली घेऊन बाहेर येईल.

दुपारी जुन्या सचिवालयापाशी आबे फारियांचा पुतळा बघितला. 1945 मध्ये रामचंद्र कामतांनी घडवलेला. कांदोळीला 1756 मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनावर व्याख्यानं देत होता. पुढं अलेक्झांडर ड्यूमानं ‘काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्तो’त याच नावाचा कैदी घातला आणि त्याला डांबलं ते मार्सेलिससमोरच्या बेटावरच्या किल्ल्यात. म्हणजे मार्सेलिस इथं आमच्या आधीच येऊन बसलं होतं! पुतळ्याचे ताणलेले हात आणि पुढ्यात कोसळणारी बाई बघून आमच्यातली एक म्हणाली, “व्हायवाला आमची अशीच अवस्था असते.”

संध्याकाळी बेतीची फेरीबोट. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही, हे कळल्यावर आम्ही पलीकडं जाऊन उतरलोच नाही. त्याच बोटीनं परत, पुन्हा पलीकडं. मांडवीवर तिरपं ऊन पडलं होतं आणि वडगावच्या चार पोरी ते मुद्दाम तोंडावर घेत उभ्या होत्या. ऊन तेच, पण समोर पाणी असलं आणि डोक्यावर काम नसलं की त्याची चव बदलते. युरोपातली पोरं पैसे मोजतात ते बहुतेक याचेच.

तुम्ही निघणार असाल तर पावसाळा संपल्यावर निघा. फोंतेन्हासला सकाळी जा, हळू बोला, कुणाच्या पायरीवर बसू नका. फेरीबोट चुकवू नका. आणि परतीच्या तिकिटाचे पैसे पहिल्याच दिवशी मावशीकडं ठेवायला द्या. काजूच्या दुकानापुढं भलेभले घसरतात.