पोटाचे वेळापत्रक

या अंकात कोणी पावसावर लिहील, कोणी प्रेमभंगावर. मी माझ्या आतड्यांवर लिहिते आहे, संपादकांनी क्षमा करावी.

पुणे-लोणावळा लोकलच्या डब्यात शौचालय नसते. कामशेतला गाडीत चढणाऱ्या मला ही गोष्ट पाठ आहे. प्रथम वर्षाला इतिहासाच्या पेपरच्या दिवशी पोटात मुरडा आला आणि मी देहूरोडलाच उतरले. पेपर बुडाला. त्यात मावळातल्या लेण्यांवर प्रश्न होता म्हणे! मी राहते बेडसे लेण्यांच्या पायथ्याशी. घरी मात्र 'गाडी चुकली' असे सांगितले.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. सगळ्या तपासण्या निर्दोष निघाल्या. "जखम नाही, सूज नाही, आतडे हळवे आहे," ते म्हणाले. नाव भारदस्त : इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. त्यांनी वही घालायला सांगितली. काय खाल्ले, किती वाजता, पुढे काय झाले. पंधरा दिवसांत वहीने माझे पितळ उघडे पाडले. सकाळी नुसता चहा, दुपारी वडापाव, रात्री नऊला पोट फुटेस्तोवर जेवण!

दुसरा आरोपी कांदा-लसूण. त्यांतली आणि गव्हातली एक साखर लहान आतड्यात पचतच नाही. मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि वायू धरतो. तो इतरांना जाणवतही नाही, मला कळा येतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने यावर पथ्य बसवले आहे : असे पदार्थ काही आठवडे बंद, मग एकेक परत आणून पाहायचा. आहारतज्ज्ञ बाईंनी मला तेच आखून दिले.

आई उखडली. "कांदा-लसणावाचून कालवण? रोज काय देवाचा नैवेद्य खायचा?"

आजी कोपऱ्यातून म्हणाली, "खाऊ दे की! नैवेद्य खाऊन देव कधी आजारी पडलाय का?"

आता पहाटे तूप-मीठ घातलेला मऊ भात. तांदूळ घरच्या शेतातला इंद्रायणी. हे वाण आमच्याच वडगावच्या केंद्राने १९८७ साली आंबेमोहोरापासून काढलेले. गाडीत एक केळे, फार पिकलेले नव्हे. साडेबाराला तांदळाची भाकरी आणि बटाट्याची कोरडी भाजी. फोडणीत हिंगही जपूनच, कारण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. चारला मूठभर शेंगदाणे. साडेसातला भात आणि मुगाचे पातळ वरण, तेही वाटीभरच. मैत्रिणी कँटीनमध्ये मिसळ मागवतात तेव्हा मी डबा उघडते. सुरुवातीला फार ओशाळे वाटे.

परीक्षेत पोळी पास झाली, पण दोनच. कांदा साफ नापास. त्याच्या पातीचा हिरवा भाग मात्र चालला. तेव्हापासून आई पात अशी चिरते, जणू खटला तिनेच जिंकला आहे.

बरी झाले असे म्हणणार नाही. परीक्षा आली की पोट अजून कुरकुरतेच. या वर्षी इतिहासाचा तो पेपर पुन्हा दिला. देहूरोड आले तेव्हा केळे सोलत होते. लेण्यांवर प्रश्न नव्हता.