विधवेच्या नावाची बाटली

शँपेन मी कधी चाखलेली नाही. मास्तराने ती चाखली असे कळले, तर संस्थेचे चालक आधी त्याच्या शिकवण्यांचा हिशेब मागतील. पण शँपेनची एक रिकामी बाटली मात्र माझ्या पुस्तकांच्या कपाटावर उभी आहे. गोव्यातल्या हॉटेलात नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती आणून दिली. म्हणाला, "सर, ह्यात मनीप्लांट लावा. आणि हे नाव पाहिलंत? 'व्हव क्लिको'. व्हव म्हणजे विधवा!"

मनीप्लांट बाजूलाच राहिला आणि मी त्या विधवेच्या शोधाला लागलो.

बार्ब-निकोल पाँसार्दँ ही रँस शहरातली, 1777 सालची. तिचा नवरा फ्रान्स्वा क्लिको 1805 मध्ये वारला, तेव्हा ती 27 वर्षांची होती, पदरी एक लहान मुलगी. सासऱ्याने 1772 मध्ये काढलेली पेढी आपण चालवतो, असे तिने सासऱ्यालाच सांगितले. गंमत पाहा, त्या वेळच्या फ्रेंच कायद्याने सवाष्णीला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यापार करता येत नसे, विधवेला येई! तिने पुन्हा लग्न केले नाही.

शँपेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, त्यामुळे तिला फेस येतो; पण गाळही तिथेच साचतो. दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यावी, तर फेस निघून जातो. 1816 मध्ये ह्या बाईने टेबलाला भोके पाडून त्यांत बाटल्या उलट्या खोवल्या. ते टेबल तिच्या स्वयंपाकघरातले होते असे सांगतात, आणि मला ते खरे वाटते. असली युक्ती दिवाणखान्यात सुचायची नाही. बाटल्या रोज थोड्या थोड्या फिरवायच्या. गाळ हळूहळू बुचाशी उतरतो, आणि बूच काढताच आतल्या दाबाने बाहेर उडतो. आज हे काम बहुधा यंत्रे करतात, तत्त्व तेच.

त्याआधी 1814 मध्ये, नेपोलियनचा पाडाव होताच, तिने इतर पेढ्यांच्या आधी रशियाकडे दहा हजारांवर बाटल्या रवाना केल्या होत्या. रशियाला तिचे वेडच लागले. पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मध्येही ती विधवा आहे. 2010 साली ओलांड बेटांजवळ बाल्टिकच्या तळाशी एका बुडालेल्या जहाजात तिच्या बाटल्या सापडल्या. त्यांतल्या मद्यात लिटरमागे सुमारे 140 ग्रॅम साखर निघाली. एवढी साखर आमची आत्या बासुंदीतही घालत नसे.

आत्या! खरे तर तिच्याचसाठी हे सारे लिहीत बसलो आहे. तीही ऐन तारुण्यात विधवा झाली. उडदाच्या पापडांवर तिने दोन मुलांची शिक्षणे केली. पीठ कुटण्यापासून उधारी वसूल करण्यापर्यंत सारे तिचेच. माल तालुक्याच्या दुकानांत जाऊ लागला, तेव्हा पुड्यांवर लावायच्या चिठ्ठीसाठी ती माझ्याकडे आली. कादंबऱ्या लिहिणारा भाचा, त्याला नाव सुचेल!

"तुझंच नाव घालू या का?" मी विचारले.

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "माझं नको रे. लग्नकार्याला पापड नेतात लोक."

ते क्षणभर थांबणे मला दिसले होते. तरीही मी लगेच "बरं" म्हणालो आणि मामंजींचे, म्हणजे तिच्या यजमानांचे, नाव सुबक अक्षरात लिहून दिले. आत्या जाऊन आता सहा वर्षे झाली. तिची सून पापड करते, चिठ्ठी अजून तीच आहे. त्या बिचाऱ्या गृहस्थाने जन्मात एक पापड भाजला नसेल.