अशुद्ध वाक्याची कैफियत

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले त्याच्या हातून तांबडी शाई बेसुमार खर्ची पडली असणार, हे उघड आहे. परंतु त्या शाईखाली सापडलेल्या अशुद्धांचा तपशील एकत्र मांडून पाहता जी गोष्ट मला प्रकर्षाने जाणवली ती ही की, मराठी विद्यार्थ्याच्या चुका संख्येने पुष्कळ असल्या तरी त्यांचे प्रकार थोडे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी दुसऱ्याच एका व्याकरणाचे, म्हणजे मराठीच्या व्याकरणाचे, निष्ठापूर्वक पालन असते.

काळांचेच उदाहरण घ्या. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य दर वर्षी नव्या हस्ताक्षरात माझ्यापुढे येते. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो आहे’ असे म्हणताना, मागे सुरू होऊन अद्याप चालू असलेली क्रिया आपण वर्तमानकाळानेच दाखवितो. शिवाय आपले ‘पासून’ ‘सोमवारपासून’ या आरंभबिंदूलाही चालते आणि ‘पाच वर्षांपासून’ या अवधीलाही चालते. इंग्रजीने मात्र या मुलखाची वाटणी केली आहे : बिंदूकडे ‘सिन्स’, अवधीकडे ‘फॉर’, आणि क्रियापदाला ‘हॅव बीन लिव्हिंग’ हे रूप. ‘आय हॅव कम यस्टरडे’ याचीही हीच कथा. ‘मी कालच आलो आहे’ हे मराठीत निर्दोष. पण ‘हॅव’ लावलेल्या क्रियेशेजारी काल, गेल्या वर्षी, 1947 साली असा संपून गेलेला काळ इंग्रजी नांदू देत नाही, म्हणून ‘आय केम यस्टरडे’ असेच म्हणावे लागते. ‘मी मुंबईला जाईन तेव्हा त्याला भेटेन’ यातील दोन्ही भविष्यकाळ आपल्याला रास्त वाटतात. इंग्रजीत ‘व्हेन’च्या पोटवाक्यात ‘विल’ला मज्जाव आहे, आणि ‘व्हेन आय गो’ एवढ्यावरच भागते.

वाक्यरचनेतही तोच अंमल चालतो. ‘जरी’ म्हटल्यावर ‘तरी’ आलेच पाहिजे हा आपला दस्तूर असल्याने ‘दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड’ असे जोडवाक्य जन्मास येते. इंग्रजीला दोहोंपैकी एकच अव्यय पुरते. ‘आय डू नॉट नो व्हेअर इज ही गोइंग’ या वाक्याचा उगम असा की, मराठी प्रश्न विचारताना शब्दांचा क्रम बदलत नाही, त्यामुळे ‘व्हेअर इज ही गोइंग’ हा क्रम प्रयत्नाने शिकलेला विद्यार्थी, प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेल्यावर तो क्रम पुन्हा सरळ करून ‘व्हेअर ही इज गोइंग’ लिहावयाचे असते, हे सहसा जाणत नाही. ‘माय फादर हॅव कम’ मधील अनेकवचन तर घरच्या आदबीतून आलेले असते. आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नाही हे समजावून सांगितले म्हणजे ते सुटते. केवळ खोडल्याने सुटत नाही.

तथापि प्रत्येक चुकीचे खापर मराठीवर फोडणे अन्यायाचे होईल. ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज वेअर गुड’ अशा वाक्यात क्रियापद शेजारच्या अनेकवचनी नामाच्या भरीस पडते, आणि हा मोह जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यांनाही सुटत नाही. येथे ‘ऑफ’पासूनचा तुकडा बाजूस ठेवून मुख्य नाम शोधावे, म्हणजे ‘वॉज’ आपोआप हाती येते. उलट ‘वन ऑफ माय फ्रेंड’ लिहिणाऱ्याला ‘माझ्या मित्रांपैकी एक’ हे मनात म्हणावयास सांगावे. ‘मित्रांपैकी’ मधील अनेकवचन त्याची चूक त्यालाच दाखवून देते. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांबाबत मात्र मातृभाषेकडे मागण्यासारखे फारसे काही नाही, कारण ती व्यवस्थाच आपल्याकडे नाही. तेथे सवय आणि वाचन हाच मार्ग. निदान ‘अ’ की ‘अ‍ॅन’ याचा निवाडा अक्षरावरून न करता उच्चारावरून करावा, एवढे पक्के झाले तरी ‘अ युनिव्हर्सिटी’ आणि ‘अ‍ॅन अवर’ यांविषयीची तकरार मिटते.

आणखी एक वर्ग असा आहे की, ज्यात गुन्हेगार विद्यार्थी नसून परीक्षक असतो. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, हा नियम पुष्कळजण वेदवाक्य समजतात. ड्रायडनने 1672 साली बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला. बिशप लाउथने 1762 च्या आपल्या व्याकरणात, ही लकब बोलण्यात रूढ असल्याचे मान्य करूनही, गंभीर लेखनात ती टाळणे अधिक शोभिवंत ठरविले. आणि पुढे शालेय पुस्तकांनी त्या पसंतीचे फर्मान बनविले. फाउलरने 1926 साली ‘मॉडर्न इंग्लिश युसेज’ या कोशात या समजुतीची गणना अंधश्रद्धांत केली, तरी ‘द हाउस आय लिव्ह इन’ यावर फुली मारणारे हात अद्याप थांबलेले नाहीत. ‘द कमिटी वेअर डिव्हायडेड’ हे ब्रिटनमध्ये शिष्टसंमत असलेले वाक्यही, संदर्भ तोडून ‘वाक्य शुद्ध करा’ या सदराखाली छापले की अपराधी ठरते.

माझ्या शिक्षकबंधूंस आणि भगिनींस म्हणूनच एक विनंती आहे. वाक्य खोडण्यापूर्वी ते मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहा. मराठी वाक्य निर्दोष निघाले, तर दोन भाषांचे नियम कोठे भिन्न झाले हे विद्यार्थ्याला त्याच्याच भाषेत समजावून द्या. मराठीत निकोप आणि इंग्रजांच्या उत्तम लेखनातही रूढ असे वाक्य आढळले, तर लेखणी खाली ठेवा. आणि ज्यांना अशी कारणे सांगण्यास तासिकेत वेळ पुरत नाही, त्यांनी एका वेळी चुकीचा एकच प्रकार घ्यावा. प्रकार थोडे असल्यामुळे वर्ष संपेपर्यंत ते सगळे होतात.