घेवड्याची बातमी

ऑस्टिनमध्ये वसंत आधी नाकाला कळतो. फेब्रुवारी सरता सरता माउंटन लॉरेलला जांभळे घोस लटकतात आणि गल्लीभर द्राक्षाच्या सरबताचा वास सुटतो. बाटलीतल्या, रंग घातलेल्या सरबताचा. मग लाइव्ह ओकची पानगळ सुरू होते. हो, वसंतात. हे झाड हिवाळाभर हिरवंगार राहतं आणि मार्चमध्ये नवी पालवी फुटायला लागली की जुनी पानं टाकून देतं. अंगणात पाचोळा, गाड्यांवर पिवळ्या परागांची धूळ, घरोघरी शिंका. हायवेच्या कडेने ब्लूबॉनेटचे निळे पट्टे उमटतात. १९०१ पासून हे टेक्ससचं राज्यफूल. ज्याच्या घरात लेकरू आहे, तो ते लेकरू त्या निळाईत बसवून फोटो काढल्याशिवाय एप्रिल उलटू देत नाही.

आणि आमच्या बालवर्गाच्या भिंतीवर काय, तर ट्यूलिप. वितळणारा बर्फाचा माणूस, छत्री, गमबूट. लहान मुलांना स्पॅनिशमधून वसंत शिकवायचे तयार तक्ते विकत मिळतात आणि ते सगळे उत्तरेच्या थंड गावांच्या मापाने बेतलेले असतात. पानगळीचं चित्र त्यांत शरदाच्या पानावर. आमची चार वर्षांची मंडळी खिडकीबाहेर पडणारी पानं बघतात, तक्ता बघतात, आणि तक्ता दाखवणाऱ्या बाईंकडे बघतात. मला त्या वेळी हटकून फाल्गुन आठवतो. आपल्याकडचा पिंपळही याच दिवसांत झडतो आणि याच दिवसांत तांबूस, चमकत्या पानांनी भरून येतो. या गावचा वसंत मला तक्त्यातल्या वसंतापेक्षा ओळखीचा वाटतो.

मी या वर्गात मदतनीस आहे. गावाच्या पूर्व भागातली लहानशी शाळा. अर्धा दिवस स्पॅनिश, अर्धा दिवस इंग्रजी. मुख्य बाई मेक्सिकोतल्या मोंतेर्रेयच्या, दुसऱ्या बाई कोलंबियातल्या बोगोताच्या. बोगोता विषुववृत्ताच्या इतकं जवळ की तिथे ऋतू म्हणजे पावसाचे महिने आणि कोरडे महिने. वसंत नावाची गोष्ट बाईंनी आधी पुस्तकात वाचली, मग इथे येऊन पाहिली. अर्जेंटिनात तर वसंताचा दिवस २१ सप्टेंबरला, आपण पितृपक्षाच्या आसपास असतो तेव्हा. एका भाषेच्या पोटात इतके वेगवेगळे वसंत, आणि आम्ही मुलांना एकच तक्ता दाखवणार!

माझं स्पॅनिश या मुलांबरोबरच वाढलं. एका बाबतीत मात्र मी पहिल्या दिवसापासून पुढे होते. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे असतात, आणि र चांगला खणखणीत. इंग्रजी घरांतल्या मुलांची जीभ टाळूकडे पळते. मला काही करावंच लागलं नाही. मराठीची ही पुण्याई.

इकडे येण्याआधी मी बालवाडीचं शिक्षण घेतलं होतं, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या वाटेने जाणाऱ्यांकडून. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी जे केलं, त्याचं मोठेपण सांगायला वेगळा लेख लागेल. मुलं गुरं चारायला गेली तर शाळाच कुरणात न्यायची, ही त्यांची रीत. शिकवायचं सामान विकत आणायचं नाही. बिया, पानं, शिंपले, खडे आजूबाजूला पडलेलेच असतात. त्यामुळे रंगवायच्या छापील कागदांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे, आणि ते सुधारण्याची चिन्हं नाहीत.

तक्त्यावर बोट ठेवलं की मुलं सुरात म्हणतात: फ्लोर, सोल, युव्हिया, पाहारो. फूल, ऊन, पाऊस, पाखरू. गोड म्हणतात. अंगणात सोडलं की त्यातला एक शब्द तोंडात नसतो. का असावा? फूल आहे हे सगळ्यांना दिसतंय. जे सगळ्यांना दिसतंय ते कोण कुणाला कशाला सांगेल?

मोंतेर्रेयच्या बाईंनी घेवडा आणला. पिंटो, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा फ्रिहोल, जो इथल्या निम्म्या घरांत रोज शिजतो. पारदर्शक प्लास्टिकचे पेले, ओला कापूस, आणि कापूस व पेल्याची भिंत यांच्या मधोमध एकेक दाणा, बाहेरून दिसेल असा. हा प्रयोग आपल्याकडेही शाळाशाळांतून झालेला आहे, त्यात नवं काही नाही. नवं ते पुढे. बाईंनी एकही शब्द पाठ करून घेतला नाही. फक्त नियम केला: सकाळी आल्यावर दप्तर ठेवायच्या आधी आपापल्या पेल्याकडे जायचं आणि जे झालं असेल ते बाईंना येऊन सांगायचं.

पहिल्या दिवशी सांगण्यासारखं काही नसतं. ‘नादा,’ काही नाही, असं मुलं सांगतात, खांदे उडवून. दुसऱ्या दिवशीही नादा, पण दाणा फुगलेला असतो, साल सुरकुतलेली असते, आणि एखादी तीक्ष्ण नजरेची मुलगी बाईंचा हात ओढत नेते: ‘मीरा!’ बघ! मग साल फाटते. मग पांढरं टोक. आणि एका सकाळी दारातूनच किंचाळी येते: ‘या सालिओ!’ आलं बाहेर! क्रियापद, तेही भूतकाळातलं, बिनचूक, जे कुणी शिकवलेलं नव्हतं. बाई आदल्या दिवशी दुसऱ्याच्या पेल्यासमोर ते म्हणाल्या होत्या, एवढंच. इंग्रजी घरातला मुलगा हा. ख्रिसमसपासून तो वर्गात स्पॅनिशचा शब्द काढत नव्हता. त्याला बातमी होती, आणि बाईंच्या कानापर्यंत ती न्यायला दुसरी वाट नव्हती, कारण बाई सकाळच्या वेळी इंग्रजीला मुळीच ओ देत नाहीत.

त्या दिवसानंतर मी वसंताच्या सगळ्या खेळांकडे याच नजरेने बघते. त्यात बातमी आहे का? काल नव्हतं ते आज आहे का? असेल तर भाषा येते, धडपडत, अर्धी इंग्रजी अर्धी स्पॅनिश, पण येते. प्लास्टिकच्या रंगीत अंड्यांत शब्दांच्या चिठ्ठ्या घालून ती लपवायचा खेळही आम्ही करतो. मुलं धावतात, अंडी गोळा करतात, आतला शब्द बाई वाचून दाखवतात आणि तोवर सगळ्यांचं लक्ष दुसऱ्याच्या अंड्यांच्या संख्येवर. खेळ म्हणून झकास, भाषा म्हणून कोमट.

घेवड्याचा मोड आधी खाली जातो, वर नाही. यावर वर्गात नाराजी असते. झाडाने वर यायचं ठरलेलं असताना हे पांढरं शेपूट कापसात शिरतं काय! ‘राईस,’ मूळ, बाई म्हणतात, आणि शब्द लगेच रुजतो, कारण तो तक्रारीला उत्तर म्हणून आलेला असतो. मग वाकडी मान वर येते, डोक्यावर दाण्याचे दोन भाग घेऊन, आणि एक दिवस सरळ होते.

दाणे कापसात असताना मुलांनी स्वतः दाणा व्हायचं. सतरंजीवर उकिडवं बसून, डोकं गुडघ्यांत. बाई फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारतात, पाऊस. दिवा लावतात, ऊन. आणि हलक्या आवाजात ‘क्रेसे, क्रेसे’ म्हणत राहतात, वाढ, वाढ. एक हात मुळासारखा खाली, दुसरा कोंबासारखा वर. सॅन होजेचे मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी याच तत्त्वावर एक पद्धत उभी केली होती: आधी ऐकायचं आणि अंगाने उत्तर द्यायचं, बोलायची घाई नाही, जसं तान्ह्या मुलाचं घरात होतं. बोगोताच्या बाईंना ॲशर ठाऊक आहेत. मोंतेर्रेयच्या बाईंना नाहीत, आणि त्यांचं काही अडलेलं नाही. आमच्यात एक मुलगी आहे, ती दाणा होते आणि कितीही पाणी मारलं तरी उगवत नाही. गोळा होऊन पडून राहते. पहिल्यांदा आम्ही काळजीत पडलो. मग तिने गुडघ्यांतूनच सांगितलं, ‘तोदाव्हिया नो.’ अजून नाही. मला वाटतं त्या सत्रातलं सर्वांत चांगलं स्पॅनिश वाक्य तेच.

मार्चच्या मध्यात मोनार्क फुलपाखरं येतात. मिचोआकानच्या डोंगरांतल्या देवदारासारख्या झाडांवर थंडी काढून ती उत्तरेकडे निघतात, आणि टेक्सस हा त्यांचा पहिला मोठा मुक्काम. मिल्कवीडच्या पानांवर अंडी घालतात आणि बहुतेक इथेच संपतात. पुढचा प्रवास त्यांची पोरं करतात. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईची नातेवाईक. तोच पांढरा चीक, तेच कापूस उडवणारं बोंड. शनिवारी मारुतीला जिची माळ घालतात त्या रुईवरही मोनार्कची चुलत भावंडं अंडी घालतात. शाळेच्या कुंपणाशी आम्ही चार रोपं लावली आहेत. अळी पाळायला आत आणायची नाही, तिथेच जाऊन बघायचं, असा बाईंचा कडक हुकूम.

त्याच दिवसांत एरिक कार्ल यांचं भुकेल्या अळीचं पुस्तक निघतं. १९६९ चं. ते नसेल असा बालवर्ग मी इकडे पाहिलेला नाही. स्पॅनिशमध्ये ते सोमवार ते शुक्रवार वार शिकवतं, एक ते पाच अंक शिकवतं, सफरचंद ते संत्रं फळं शिकवतं. मी मोज्याची अळी केली आणि पुठ्ठ्याच्या फळांना भोकं पाडली. पुस्तकातली अळी समोर येईल ते खाते. तेव्हा एका मुलाने डब्यातली सफरचंदाची फोड नेऊन कुंपणाशी खऱ्या अळीसमोर धरली. बराच वेळ धरली. अळी पाठ फिरवून पान कुरतडत राहिली. तो पळत आला, संतापून: ‘नो कोमे! नो ले गुस्ता!’ खात नाही! तिला आवडत नाही! मग सगळा वर्ग कुंपणाशी. कुणी केळं देऊन पाहिलं, कुणी चीज. नो कोमे, नो कोमे. पुस्तक खोटं ठरल्याचा आनंद काही औरच असतो. त्या दुपारी वाक्यांची जी झड लागली ती पुस्तक पंचवीसदा वाचून लागली नसती.

या राज्यात असं स्पॅनिशमधून शिकवणं एके काळी कायद्याने गुन्हा होतं. १९१८ च्या कायद्याने टेक्ससच्या शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवायला बंदी केली. ती उठायला १९६९ साल उजाडलं. पश्चिमेकडे मार्फा नावाचं लहान गाव आहे. तिथली ब्लॅकवेल शाळा मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी, वेगळी काढलेली. १९५४ मध्ये तिथे मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या पेटीत घातल्या आणि ‘मिस्टर स्पॅनिश’ यांचा दफनविधी म्हणून पेटी जमिनीत पुरली. २००७ साली म्हातारे झालेले तेच विद्यार्थी जमले आणि त्यांनी उलटा विधी केला, स्पॅनिशला जमिनीतून वर काढण्याचा. आज ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. हे मी वाचलं तेव्हा मुलांनी कापसातले वेल कुंड्यांत नुकतेच हलवले होते आणि त्यांच्या नखांत माती होती.

उगवायला वेळ घेणाऱ्या त्या मुलीला न्यायला तिचे आजोबा येतात. त्यांच्या शाळेतही स्पॅनिश बोललं की फळीचा मार होता. मुलं झाली तेव्हा त्यांनी घरात फक्त इंग्रजी ठेवलं, पोरांना मार नको म्हणून. मुलीच्या आईला म्हणूनच ‘अबुएलो’, आजोबा, याच्या पुढे फार काही येत नाही. आजोबा दारात उभे राहतात, टोपी हातात घेतात आणि आमच्याशी इंग्रजीत बोलतात.

ईस्टरच्या आठवड्यात आम्ही कास्कारोनेस केले. अंड्याचं टरफल वरून फोडायचं, धुवायचं, वाळवायचं, रंगवायचं, आत रंगीत कागदाचा चुरा भरायचा आणि भोकावर पातळ कागद चिकटवायचा. मग हसत हसत दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं. दक्षिण टेक्ससमध्ये ईस्टरला आणि एप्रिलमध्ये सॅन अँटोनियोच्या फिएस्टाला रस्ते या चुऱ्याने रंगतात. ज्याच्या डोक्यावर फुटतं त्याला शुभ, असं म्हणतात. होळी-रंगपंचमीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मुलांना ‘फुटलं’, ‘सांडलं’, ‘माझ्या डोक्यावर’, ‘अजून एक’ हे सगळं एका दमात लागतं आणि एका दमात येतं.

नातीने दारातच आजोबांना खाली वाकायला लावलं आणि फोडलं. पांढऱ्या केसांत निळा-गुलाबी चुरा. ते एकदम स्पॅनिशमध्ये सुरू झाले, नातीशी नव्हे, आमच्याशी. तक्रारच होती. हे काय भोक आहे? हे दार आहे! एवढं मोठं भोक पाडल्यावर अंडं हातात पिचकणारच. नाण्याएवढं पाडायचं, सुरीच्या पाठीने, टोकाकडून, हळू ठोकून. आणि कागद ताणून लावायचा नाही, नाही तर वाळला की फाटतो. त्यांची आई हिवाळ्यापासून टरफलं साठवायची. आठवडाभर आधी जागं झालं की अशी पंचाईत होते.

‘तुम्ही लिहूनच द्या,’ बोगोताच्या बाई म्हणाल्या, ‘पालकांना लावू दारावर.’

आजोबांनी हात वर केले. बोलायला येतं, लिहायला कुणी शिकवलंच नाही. तेव्हा ते सांगत गेले आणि बाई जाड मार्करने लिहीत गेल्या, नात टेबलाला लोंबकळून प्रत्येक ओळ पुन्हा म्हणत होती. जानेवारीपासून अंडी वरून फोडा. टरफलं आतून धुवा, पांढरा पडदा काढा. खोक्यात उलटी ठेवून वाळवा. पांढरीच आणा असं नाही, तपकिरीही चालतात. खाली त्यांनी अजून एक ओळ घालायला लावली: फुटलेली फेकू नका, कुंडीत घाला, घेवड्याला चांगली.